बादलीतला दिवस

अख्ख्या गल्लीचे दिवे नऊच्या ठोक्याला बंद करायला लावणाऱ्या अंधाररावांच्या स्वतःच्या दारावरचा दिवा काही केल्या विझत नव्हता. आणि सव्वानऊला मॅडम येणार होत्या.

अंधारराव हे गल्लीने ठेवलेलं नाव. हुद्दा दिवे-तपासनीस, नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. आभाळातले तारे दिसावेत म्हणून गावाने नियम केला होता: बाहेरच्या प्रत्येक दिव्याला टोपी हवी, तोंड खाली हवं आणि नऊनंतर बंद. आज वरच्या ऑफिसातल्या मॅडम गल्ली पाहणार. पसंत पडली तर नोकरी पक्की, नाहीतर उद्यापासून अंधारराव घरी.

दिवा सासरेबुवांनी दिलेला. उन्हावर चालणारा, ना वायर ना बटण. माथ्यावर काचेचा एक डोळा. त्याला अंधार दिसला की पेटायचं, उजेड दिसला की झोपायचं. लख्ख तर इतका, की रस्त्यापलीकडच्या घरात त्याच्या उजेडात सुईत दोरा ओवत.

"बाबा, तेवढा आजच्यापुरता काढू का?"

"खुशाल काढा, जावईबापू. जाता जाता मलाही स्टेशनवर सोडा."

काढायची सोय नाही म्हटल्यावर अंधाररावांनी निदान टोपी तरी घालू म्हणून दिव्यावर स्टीलची बादली पालथी टांगली. शिडी परसात ठेवून येतात तो काय! बादलीच्या चकचकीत पोटात दिव्याचाच उजेड उलटून त्याच्या डोळ्यात गेला. दिव्याला वाटलं, उजाडलं. तो विझला. बादलीत अंधार झाला. दिव्याला वाटलं, मावळलं. तो पेटला. दर दोन सेकंदांना दारात एक अख्खा दिवस उगवून मावळू लागला. कोपऱ्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हरला वाटलं, पुढे रेल्वे फाटक आहे.

शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. निवृत्त विज्ञान शिक्षिका. टेबलाच्या खणात अंधाररावांच्या सहीच्या तीन नोटिसा.

"अगंबाई! पाच मिनिटांत पाच महिने सरले की हो तुमच्याकडे!"

"काकू, थट्टा पुरे. ती बघा मॅडमची गाडी वळली. शिडी आणायलासुद्धा वेळ नाही!"

"शिडी कशाला? त्याला दिवस हवाय ना? द्या दिवस."

काकूंनी टॉर्च काढून झोत थेट बादलीत सोडला. दिवा गुडुप झोपला.

मॅडम उतरल्या. "अंधार झकास आहे. पण या बाई टॉर्च कशावर मारतायत?"

"तपासनीसाच्या दिव्यावर," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला तीन नोटिसा देतो मेला. याचा स्वतःचा बंद असतो की नाही, बघायला नको?"

मॅडमनी मान वर करून पाहिलं. "बंद आहे. आणि टोपी बादलीची! किती साधा उपाय!" त्यांनी तिथल्या तिथे कागदावर सही केली. "पक्के झालात. बाई, तुम्ही असंच लक्ष ठेवा."

गाडी गेली. अंधारराव पायरीवर मटकन बसले. किती दिवसांनी छातीत पुरता श्वास गेला.

"काकू, तुमच्या दिव्याला टोपी उद्या मी स्वतः बसवतो."

"ते उद्याचं उद्या. आत्ता माझा हात भरून आलाय!"

एवढ्यात सासरेबुवा चाचपडत बाहेर आले. "माझा दिवा कोणी विझवला?" पायरी चुकली, तोल सावरताना मान वर गेली, ती तिथेच राहिली.

"जावईबापू... हे एवढे कधी लावले?"

"आधीपासूनच आहेत, बाबा."

सासरेबुवा हळूच म्हणाले, "काकू, आणखी दोन मिनिटं टॉर्च हलवू नका. जावईबापू, शिडी आणा. आणि नट सोडवायचा माझा पानाही."