क्लॅरी हॅलोरन यांची टेकडी

जमीन ईश्वराने निर्माण केली, पण तिचे प्लॉट पाडायचे त्याच्याकडून राहून गेले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर ही उणीव क्लॅरी हॅलोरन यांनी भरून काढली आणि हॅलोरन बे हे विश्रामनगर वसवले. त्यांच्या पत्नीचेही, म्हणजे आयव्हीचेही, याबद्दल दुमत नव्हते. तिचे म्हणणे एवढेच, की वसवण्याआधी पाणी थोडे बाजूला सारायला हवे होते.

नगराची मोजणी ओहोटीच्या वेळी झाली. (मोजणीदार तेव्हाच मोकळा होता.) त्यामुळे नकाशावरचे सहाशे बारा प्लॉट कायदेशीर, चौकोनी आणि दिवसातून सरासरी चौदा तास कोरडे होते. उरलेल्या दहा तासांची नोंद माहितीपत्रकात ‘समुद्र आपल्या दारी’ अशी होती. यात असत्य काहीच नव्हते.

दर रविवारी ब्रिस्बेनहून गिऱ्हाइकांची बस यायची. बस कधी यावी, कोळंबी कधी उकडावी आणि बिअर कधी संपावी, हे आयव्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवी. एकवीस वर्षांत ती एकदाही चुकली नाही. (एका दंतवैद्याने आभाराचे भाषण लांबवले, त्याचा डावा बूट अजून मिळालेला नाही. पण तो त्याचा दोष.)

ती स्वतः साइट ऑफिसमागच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायची. भरतीला पायरीवर पाणी यायचे. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे टेकडी. दीड एकर, चार केवड्याची झाडे, आणि नगरातली एकमेव कोरडी जागा.

“क्लॅरी, माझ्या चपलांना बुरशी आलीय रे. वर दोन खोल्या बांध ना.”

“बांधू की! टेकडी तुझीच आहे, राणी. एवढा टप्पा विकून होऊ दे.”

असे नऊ टप्पे झाले. दहाव्याची फीत कापता कापता क्लॅरी हॅलोरन गेले. आयव्ही फार रडली. माणूस लबाड होता, पण तिचा होता.

रहिवाशांनी कधी तक्रार केली नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. ज्याच्या स्वयंपाकघरात मासे आले, त्याने ते तळून खाल्ले आणि घर विकायला काढले. दाखवले अर्थात ओहोटीलाच. इथल्या प्रत्येक फ्रिजवर तक्ता चिकटवलेला असतो, आणि पाहुण्यांना तो दिसू नये म्हणून त्याच्यावर नातवंडांचा फोटो.

कृतज्ञ नगरपरिषदेने संस्थापकांचा ब्राँझचा पुतळा उभारायचे ठरवले, तोही टेकडीवर. (ब्राँझला खारे पाणी सोसत नाही, असा तज्ज्ञांचा अहवाल होता. पत्नीला सोसते का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता.) अध्यक्ष रेज टकवेल टोपी हातात घेऊन कॅरॅव्हॅनच्या दारात आले.

“टेकडी माझी आहे, रेज. तो मला म्हणाला होता.”

“तो सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचा हो, आयव्हीबाई. कागद आहे का? नाही ना? मग झालं तर. तेवढी अनावरणाची वेळ काढून द्या. मंत्री येणारेत, मांडव खाली चौकात घालतोय.”

आयव्हीने तक्ता उघडला. तिचे बोट ओहोटीवर थांबले, आणि मग हळूच खालच्या ओळीवर सरकले.

“साडेअकरा,” ती म्हणाली.

रविवारी मंत्री बोलायला उठले तेव्हा पाणी घोट्याशी होते. ‘दूरदृष्टी’ हा शब्द आला तेव्हा ते गुडघ्याशी पोहोचले. खुर्च्या तरंगू लागल्या. बसमधून आलेली गिऱ्हाइके एकमेकांचे हात धरून उभी राहिली. आयव्ही टेकडीच्या पायथ्याशी वाट पाहत होती, की आता कुणीतरी ओरडेल आणि हे सगळे एकदाचे संपेल.

टकवेल यांनी कर्णा तोंडाला लावला.

“आणि मंडळी, हे दिवसातून दोनदा! त्याचे वेगळे पैसे नाहीत!”

टाळ्या झाल्या. त्या दुपारी सतरा प्लॉट गेले.

परिषदेने आयव्हीला पुतळा पुसायच्या कामावर नेमले. रोज सकाळी आठ ते नऊ ती टेकडीवर असते, आणि तेवढा तास तिचे पाय कोरडे राहतात. तक्ता ती आता उघडत नाही. बस केव्हाही आली तरी चालते.

वाचक हसले असतील. हसावेच. पण सतरा गेले हे वाचताना, उरले किती, असे ज्यांच्या मनात येऊन गेले, त्यांच्यासाठी: चाळीस आहेत. येत्या रविवारी या. कोळंबी आमच्याकडून, बूट तुमचे.