झोपाळू पडद्याचे देसाईअण्णा

देसाईअण्णा टॅबलेटशी बोलायचे. कँटीनच्या रांगेत, लिफ्टमध्ये, कुठेही. बटण दाबून म्हणायचे, "झोप." थोडं थांबून पुन्हा दाबायचे, "ऊठ की गं बाई." मागून कोणीतरी कन्नडमध्ये पुढे सरका म्हणून ओरडायचं, "स्वल्प मुंदे होगी, सर!" अण्णा पुढे सरकायचे, पण नजर पडद्यावरच.

अण्णा गेले त्याला आता काही महिने झाले. महादेवपुऱ्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. ते निपाणीचे, मी पुण्याचा. माझं मराठी त्यांना 'इस्त्री केलेलं' वाटायचं.

टॅबलेटचा पडदा चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता प्रोग्राम, आम्ही लिहीत होतो. पडदा झोपवताना आधी त्याच्या सेटिंग जपून ठेवायच्या, मग वीज काढायची. उठवताना वीज देऊन त्या परत भरायच्या. आमचा टॅबलेट एखाद्या वेळी उठायचा, आवाजही यायचा, पण पडदा काळाच. बटण पुन्हा दाबलं की ठीक.

आमची मॅनेजर शिल्पा नागपूरची. प्रोग्रामची तयार आवृत्ती, म्हणजे बिल्ड, वेळेवर देणं तिच्या गळ्यात. ती वैतागली. "अण्णा, शुक्रवारी बिल्ड द्यायचाय ना! युजर पुन्हा दाबेल बटण."

"आणि न दाबणारा असला तर?"

"असा कोण आहे बाप्पा?"

"झोप," अण्णा म्हणाले. टॅबलेटला.

गुरुवारी मी त्यांना जेवायला बोलवायला जिन्यात गेलो. ते निपाणीला व्हिडिओ कॉलवर होते. त्यांच्या आईकडे आमचाच एक नमुन्याचा टॅबलेट होता, अण्णांचा कॉल आपोआप उचलणारा. अण्णांच्या फोनवर आई दिसत होत्या; त्यांना मात्र अण्णा दिसत नव्हते.

"आई, मी हाय गं इथंच. काळं दिसतंय ते मशीनचं हाय. बटण दाब की."

आईंनी बटणाला हात लावला नाही. शेवटी अण्णांनी कॉल बंद केला.

"ऐकते सगळं, बटण तेवढं दाबत न्हाई," ते मला म्हणाले. "मी रागानं तोंड फिरवलं, असं वाटतं वो तिला. बसून राहते तशीच समोर."

त्या दुपारी जेवण राहिलंच. संध्याकाळपर्यंत दोष सापडला. कधीकधी वीज आधीच जायची आणि सेटिंग जपायच्या राहून जायच्या. जपणं पूर्ण झाल्याशिवाय वीज जाणार नाही, असा क्रम आम्ही पक्का बांधला.

शुक्रवारी नवा बिल्ड इथूनच, इंटरनेटवरून आईंच्या टॅबलेटवर चढवून अण्णांनी मला शेजारी बसवलं आणि कॉल लावला. पलीकडचा पडदा एकदम उजळला असावा, कारण आई दचकल्या.

"अरे, पदर तरी सावरू दे की रे!"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेला.

"बघ आई," ते म्हणाले, "रागावलोय का मी?"