समितीपुढे सातेरी

लोकशाहीत प्रत्येक जीवाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. फक्त ते लेखी आणि तीन प्रतींत द्यावं लागतं. मधमाश्यांना हे जमत नाही, म्हणून त्यांच्या वतीने राजाजीनगरचे मधपाळ व्यंकोजी अर्ज करत. मागणी एकाच कलमाची: फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी औषध मारू नये, मारायचंच तर माश्या घरी परतल्यावर, तिन्हीसांजेला. गेल्या हंगामात सूर्यफुलांच्या शेतात ठेवलेल्या त्यांच्या निम्म्या पेट्या अशाच एका सकाळी मुक्या झाल्या होत्या. उरलेल्या वाचायच्या तर हे कलम हवंच होतं.

नव्या कृषी विधेयकाच्या समितीने विषय मनावर घेतला, हे कबूल केलं पाहिजे. शंभर टक्के सदस्य मधाच्या बाजूने होते, ऐंशी टक्के माशीच्याही. (उरलेले वीस टक्के, या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, याचा अभ्यास करत होते.) अध्यक्ष आमदार बसवंतअण्णा तर रोज कोमट पाण्यातून मध घेत.

"कागद पुरे, व्यंकोजी. माश्याच आणा की," ते म्हणाले. "समिती प्रत्यक्ष बघेल."

व्यंकोजींनी सातेरी माश्यांची सगळ्यात भरलेली पेटी काढली.

"हीच कशाला हो?" तुंगाबाईंनी नवऱ्याला अडवलं. "स्वल्प हलकी न्या ना."

"सरकारपुढे रिकामटेकड्या माश्या न्यायच्या होय?"

भेट एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेत ठरली. पेटीजवळ अत्तर लावून यायचं नाही, हा मधपाळांचा पहिला नियम. वासाने माशी बिथरते. नवशिक्यांना व्यंकोजी एवढ्यावरून घरी पाठवत. आमदारांना घरी पाठवण्याची तरतूद मात्र कुठल्याच नियमात नाही. (ती दर पाच वर्षांनी असते.) समिती मोगरा, चंदन आणि काहीतरी परदेशी लावून आली होती; त्या घमघमाटात व्यंकोजी अदबीने उभे राहिले. बागेतला दुसरा वास त्यामुळे त्यांच्या नाकाला कळलाच नाही. त्यांनी पेटीचं दार उघडलं आणि माश्या वाफ्यातल्या फुलांवर पांगल्या.

थोड्या वेळाने त्या परतल्या त्या चालत. दारातल्या फळीवर गरगर फिरायच्या आणि उताण्या व्हायच्या. व्यंकोजी पेटीचं दार लावायला वाकले.

बागेचे व्यवस्थापक वेणुगोपाल लगबगीने पुढे आले. "काळजी नको, सर. पाहुण्यांना चावू नयेत म्हणून आज सकाळीच सगळीकडे औषध मारून घेतलंय."

"पेटी बंद करू द्या हो मला!" व्यंकोजी ओरडले.

"सरी, सरी, बरं, करा सावकाश," बसवंतअण्णा कौतुकाने म्हणाले. "पण माश्या बघा किती सभ्य! एकही डसली नाही."

टाळ्या झाल्या. समितीने जागच्या जागी एकमताने निष्कर्ष नोंदवला: सकाळच्या फवारणीनंतर माश्या शांत, संयमी व सहकार्यास तत्पर आढळल्या, सबब प्रस्तावित कलमाची आवश्यकता नाही. व्यंकोजींना शाल देण्यात आली. ती पेटीवर पांघरून ते रिक्षात बसले आणि पेटीला कान लावून घरापर्यंत रडत गेले.

वाचकहो, बसवंतअण्णांचा तुम्हाला राग आला असेल, तर तो अगदी योग्य आहे. तो ओसरला की एवढंच आठवून पाहा: तुमच्या गॅलरीबाहेर पोळं लागलं, तेव्हा तुम्ही फोन कुणाला केला होता? आणि त्याला "औषध घेऊन जरा लवकर या" असं म्हणालं कोण?