धुळाचा कबुलीजबाब

सन चौसष्टात सनद मिळाली आणि लगेच एक फौजदारी खटला हाती आला, तेव्हा सांगलीत भेटेल त्याला मी सांगत सुटलो होतो, की हा खटला मी उभा राहायच्या आधीच जिंकलेला आहे! माझा अशील धुळा, मेंढपाळ. कुंडलच्या लालासाहेबांच्या मळ्यात त्यानं खतासाठी मेंढरं बसवली आणि दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या ऑइल इंजिनाचं हँडल गायब. हँडल सापडलं नाही, चोरी पाहणारा कोणी नाही. पुरावा एकच, धुळानं चौकीत जमादारापुढं दिलेली कबुली. आणि पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पुराव्याचा कायदा, कलम पंचवीस! हे मी आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं, की आमच्या मोलकरणीलाही ते पाठ झालं असावं.

कोर्टाच्या आवारात धुळाला धीर द्यायला गेलो. त्याची बायको बनुबाई लिंबाखाली बसली होती. धुळा आत गेला तर मेंढरं विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. मी धुळाला म्हणालो, तू फक्त ‘गुन्हा कबूल नाही’ एवढंच म्हण, बाकी मी बघतो.

“न्हाई जमायचं,” धुळा म्हणाला. “जमादारानं हातावर बिरोबाचा भंडारा ठिवलाय. हितं जे बोललास त्येच कोर्टात बोलशील, म्हनून शपत घातलीया.”

कलम पंचवीस जमादारालाही माहीत होतं! चौकीतली कबुली चालत नाही, पण आरोपीनं न्यायाधीशापुढं आपल्या तोंडानं दिलेली चालते.

“अरे, पण हँडल तू घेतलंस का?”

“न्हाई. पर भंडारा हाय, वकीलसायब.”

मी आशेनं बनुबाईकडं पाहिलं, तर ती नवऱ्याच्याच बाजूची. देवाची शपथ मोडून मेंढरं जगतील का, असं तिनं उलट मलाच विचारलं. यावर कुठलं कलम लागतं ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी धुळाला विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी घाईनं उठून कलम सांगायला लागलो. प्रश्न आरोपीला आहे, असं म्हणून त्यांनी मला खाली बसवलं. मागं जमादार मिशीवर हात फिरवत उभा होता.

धुळानं हात जोडले. “चौकीत जे बोललो त्येच बोलतो, सायब.”

मी डोळे मिटून घेतले.

“म्या हँडल घेतलं न्हाई,” धुळा म्हणाला. “खरंच न्हाई घेतलं. मारू नगा, सायब. आई गं. पायावर नगा, मेंढरामागं चालायचं हाय. आई गं. पानी द्या. बनूला बोलवा. बरं, घेतलं म्हना. कुठं ठिवलं त्ये तुमीच सांगा.”

हे सगळं त्यानं एकाच सुरात सांगितलं, पाठ केल्यासारखं. जमादाराचा हात मिशीवरच राहिला. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि धुळाला पाय दाखवायला सांगितलं. ते पाय पाहून मला माझ्या आरशाची लाज वाटली.

धुळा सुटला. बाहेर आल्यावर तो लंगडत माझ्याजवळ आला. आभार मानणार म्हणून मी कोट नीट केला.

“वकीलसायब,” तो हळूच म्हणाला, “तुमी मगाशी मधीच उठलासा, त्या गडबडीत माझं एक ‘आई गं’ म्हनायचं राहिलं. देवाला चालंल न्हवं?”

चालेल, असं मी त्याला सांगितलं. त्या दिवशी कोणाच्या तरी उपयोगी पडलेला माझा तेवढाच एक सल्ला.