जोमाकाकांचा ट्रॅक्टर तापू नये म्हणून

जोमाकाका ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावायचे तो पालथा. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते ना, तसा. हात लावून डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि मग आमच्याकडे वळून सांगायचे, "जरा निवू दे."

आम्ही म्हणजे नेरूळला राहायला आलेली पहिली-दुसरी बिऱ्हाडं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इमारती थोड्या, मोकळे प्लॉट उदंड, आणि पावसाळा सरला की त्या प्लॉटांवर पुरुषभर उंचीचं गवत. मला सापांची भयंकर भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. त्यात दुसरं कोणी तयार होईना म्हणून सोसायटीची सेक्रेटरी मी. एकदा जिन्यात धामण निघाली, तर सगळी सोसायटी माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला सभासद मीच करून घेतलं होतं.

तेव्हापासून दरवर्षी गवत कापायला करावे गावचे जोमाकाका यायचे. खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल आणि ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायचं यंत्र. येताना ऐटीत यायचे. पण प्लॉटवर दोन फेऱ्या झाल्या की ट्रॅक्टर थांबलाच. मग सीटखालून भिंती रंगवायचा एक जुना ब्रश निघायचा. काका पुढे जाऊन उकिडवे बसायचे आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, कुसळं, गवताचं बी असं एकेक झाडून काढायचे.

"कचरा जालीला चिकटला का वारा आत जात नाय," ते मला समजावायचे. "वारा नाय गेला का पानी उकलतं. पानी उकललं का खेल खलास."

मग पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा, पाण्याचा डबा भरलेला आहे ना ते बघायचं. आणि नंतर माझ्याकडचा चहा बशीत ओतून त्याकडे बघत बसायचं. तो निवेपर्यंत. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, तेव्हा काका काही कामाने दारात उभे होते. त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "ताई, दोघांना बी जरा निवू दे." एरवी त्यांची नजर सदा ट्रॅक्टरच्या तापमानाच्या काट्यावर. गवताकडे लक्ष कमीच, त्यामुळे मध्येमध्ये पट्टे सुटायचे आणि प्लॉट न्हाव्याने अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखा दिसायचा.

माझा जीव इकडे टांगणीला. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, तुमचं इंजिन निवेपर्यंत साप थांबायचा नाही."

"साप चावला तर डाक्तर हाय, ताई," ते शांतपणे म्हणाले. "इंजिनाचं हेड तडकलं तर कोन हाय?"

हेड तडकल्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. गावची शेतं नव्या शहरासाठी गेली आणि काकांनी ट्रॅक्टर आणला तो त्याच वर्षी. हिराकाकी, म्हणजे त्यांची बायको, तिने कपाळावर हात मारून घेतला. शेत गेल्यावर कोणी ट्रॅक्टर आणतं का? आणि पहिल्याच हंगामात तो उकळला. काकांनी घाबरून वरून गार पाणी ओतलं, तसं हेड खाडकन तडकलं. त्या दिवशी काकीने निक्षून सांगितलं, यो परत असा तापून बंद पडला, तर माझा भाऊ उरनवरून येऊन त्याला ओढून नेईल. काकी बोलली की ते होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मग द्या ना देऊन," मी म्हटलं.

"न घरात बसून करू काय?" काका म्हणाले. "जमीन कोनाची का असंना, तिच्यावर फिरायला कायतरी नको?"

काकी मात्र ट्रॅक्टरचं तोंडही बघत नसे. दुपारी भाकरी घेऊन यायची, प्लॉटच्या कडेला ट्रॅक्टरकडे पाठ करून उभी राहायची आणि तिथूनच हाक मारायची. सवत परवडली, इतका राग.

आणि मग तो दसरा आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका आमच्या प्लॉटवर हजर. कोजागिरी तिथेच करायची होती, त्यामुळे गवत कापणं भाग होतं. ट्रॅक्टर धुऊन लख्ख केलेला. पुढे जाळीवर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार, एकपदरी नाही, चांगला तीनपदरी. जाळी नावालासुद्धा दिसत नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन. दोन फेऱ्यांत काटा वर चढला. काका थांबले, खाली उतरले, पण ब्रश काही निघाला नाही. पुन्हा एक फेरी झाली आणि रेडिएटरमधून वाफ फुसफुसायला लागली. मी धावत गेले. जे मलासुद्धा कळत होतं, ते यांना कळू नये?

"अहो काका, हार काढा आधी. वारा कुठून जाणार?" म्हणत मी हाराला हात घातला.

त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नको, ताई. मना ठाव हाय." आवाज अगदी खाली आला होता. "काल दसऱ्याला तिनी घातला. सोताच्या हातानी गुंफून. हलद-कुंकू लावलं, नारल फोरला. इतकी वर्सं हात लावला नव्हता तिनी. मी काढू कसा?"

"मग निदान त्यांना सांगा तरी. त्याच काढतील."

"काय सांगू? तुझे फुलांनी इंजिन तापला?"

सापांचा मला विसर पडला, असं मी म्हणणार नाही. पण सोसायटीत जाऊन सांगितलं, की आज गवत दाट आहे, वेळ लागेल, कोणी मध्ये बोलू नका. मग दिवसभर तेच चाललं. एक फेरी मारायची, काटा चढला की बाभळीच्या सावलीत ट्रॅक्टर उभा करायचा. काका आपले पुठ्ठ्याच्या तुकड्याने त्या जाळीला वारा घालत बसलेले, हाराची एक पाकळीही न हलवता. रस्त्यावरून कोणी गेलं की ते मान उंच करून बघायचे. न जाणो, काकीच असली तर?

दुपारची भाकरी काकांनी आज बरोबरच आणली होती, पण संध्याकाळी काकी आलीच. निम्मासुद्धा प्लॉट झाला नव्हता. आज ती कडेला थांबली नाही, सरळ ट्रॅक्टरपाशी आली. आतल्या उष्णतेने झेंडू करपून तपकिरी पडले होते. तिने एक फूल बोटांत धरून पाहिलं.

"पार करपली की फुलं," ती म्हणाली. "ऊन जाम हाय आज."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गवताकडे पाहायला लागले.

"हां, ऊन जाम हाय," काका म्हणाले. "उद्या दुसरा घाल."