दादाभाऊंचा उजवा हात

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे दादाभाऊंनी, पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमचं गुरुजी. लई तापट. घोरत्यात बी. बाकी निर्मळ." मग बहिणीकडे बघून म्हणाले, "पोरीची भाकरी जरा जाड व्हती. दुसरी खोड न्हाई."

मुलाचे वडील पोट धरून हसले आणि लग्न जमलं, हा त्या माणसाचा मोठेपणा. मी मात्र आठ दिवस दादाभाऊंशी बोललो नाही. नवव्या दिवशी जाब विचारला तर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, खोड आधी सांगावी. मागनं निघाली की जनावर परत येतं."

दादाभाऊ बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारातले दलाल. मी मूळचा आण्याच्या पठारावरचा. बेल्ह्याच्या शाळेत बदली झाली, शाळेजवळच गोठ्यासकट घर मिळालं, आणि भिंतीला भिंत लागून दादाभाऊ मिळाले. वय पन्नाशीपुढे. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती मी येण्याच्या आदल्या वर्षी गेली. घरात दुसरं माणूस नाही.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने होत नाही. दलाल आणि घेणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, सगळा पंजा धरला की पाच. भोवतीच्या लोकांना दिसतात ती फक्त दोघांची तोंडं, आणि तीही आभाळाकडे बघत असतात. दादाभाऊंचं पोट या उजव्या हातावर चालायचं.

या माणसाला दुसरा नाद होता तो वर्गांचा. गावात कसलाही वर्ग निघो, पहिलं नाव यांचं. प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला. हे सातवी पास, तरी रोज संध्याकाळी पाटी घेऊन हजर, आणि वर शिकवणाऱ्या मुलीच्या चुका काढणार. मधमाश्या पाळायचं शिबिर झालं, तिथून सुजलेला कान घेऊन आले. महिला मंडळाच्या मेणबत्त्यांच्या वर्गातून तर बायकांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. "दादाभाऊ, बायकांत तुमचं काय काम?" तर म्हणे, "लाईट माझ्या घरची बी जाती की!"

तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. टीव्हीवर हाणामारी बघून पोरं येडी झाली होती, आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कराटेचा वर्ग सुरू झाला. नारायणगावाकडून एक तरुण सर मोटारसायकलवर यायचे. पुढे सातवी-आठवीची वीसेक पोरं आणि शेवटच्या रांगेत दादाभाऊ. गावच्या शिंप्याकडून शिवलेला मांजरपाटाचा पांढरा पोशाख, डोक्यावर गांधी टोपी. सर म्हणाले, "काका, टोपी काढा." "काढली की डोकं गार पडतं सर. खोड आधी सांगितली." ठोसा मारताना पोरं "हू!" करायची. दादाभाऊंच्या तोंडून जन्माच्या सवयीने "होऽऽ हो!" निघायचं, आणि रस्त्याने जाणारी बैलं जागच्या जागी उभी राहायची.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक ठरलं. सगळं गाव जमलं. दोन विटांवर कौल ठेवायचं आणि मुठीने फोडायचं. चार पोरांनी फटाफट फोडली. मग दादाभाऊ पुढे झाले. पण मूठ आवळायच्या ऐवजी त्यांनी कौल उचललं, बोटाच्या पेराने वाजवलं, कानाशी धरलं आणि गावादेखत म्हणाले, "सर, ह्ये आधीच तडकलेलं हाय. आवाज बद्द येतोय."

सरांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "काका, असंच असतं. मारा तुम्ही."

"असं कसं? ही फसवाफसवी झाली. गुरुजी, तुमच्या गोठ्यावरचं एक द्या बरं."

आणि मी मूर्खाने दिलं! छपरावर चढून, निवडून, चांगलं खणखणीत कौल काढलं आणि मोठ्या ऐटीत विटांवर ठेवलं. दादाभाऊंनी ते वाजवून बघितलं, समाधानाने मान हलवली, आणि "होऽऽ हो!" करून मूठ हाणली.

कौलाला काही झालं नाही. ते अजून माझ्या गोठ्यावर आहे. दादाभाऊ हात काखेत दाबून मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, हाही कराटेतलाच प्रकार. टाळ्या पडल्या.

करंगळीमागचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. ते कापलं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काठीसारखी ताठ. वळेनात. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, वेळ लागेल. किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग गाव डॉक्टर झालं. कुणी आंबेहळद सांगितली, कुणी रक्तबोळ, कुणी गरम कोंड्यात हात घालायला सांगितला. आहुप्याकडच्या एका म्हातारीने कसला तरी पाला दिला. दादाभाऊंनी कुणाचंच मन मोडलं नाही, सगळं एकाच दिवशी लावलं. भाकरी थापता येईना म्हणून माझी बायको दोन भाकरी जास्त टाकायची. ते खायचे आणि सांगायचे, "वहिनी, मीठ कमी. बाकी निर्मळ."

हात असाच असताना एका सोमवारी ते बाजारात गेले. गिऱ्हाईक आलं, आणि टॉवेल पसरायच्या आधीच हा माणूस म्हणतो काय, "पावणं, माझी दोन बोटं चालत न्हाईत. मी चार धरली तरी तुमाला दोनच लागतील. खोड आधी सांगितली." पावणं हळहळलं आणि दुसऱ्या दलालाकडे गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. संध्याकाळी दादाभाऊ ओट्यावर येऊन बसले. टॉवेल घडी न मोडता खांद्यावर होता.

"डाव्या हाताने करा की," मी म्हणालो.

"येव्हाराला डावा हात कोण धरंल, गुरुजी?"

मला वाईट वाटलं. खरं सांगतो, फारच वाईट वाटलं. कौल माझं होतं. मी म्हणालो, "रोज संध्याकाळी या. माझ्या हातावर सराव करा."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दादाभाऊ यायचे. ओट्यावर आम्ही समोरासमोर बसायचो, टॉवेल टाकायचो, आणि ते माझी बोटं दाबायचे. मी आकडा ओळखायचा. येणारेजाणारे हसायचे. बायको म्हणाली, "लग्नात माझा हात एवढा वेळ धरला नव्हता तुम्ही!" एक आणि दोन पहिल्या दिवसापासून यायचे. आषाढात तीन लागायला लागले. चार काही येईना. "दाबा दादाभाऊ, करंगळी दाबा!" मी ओरडायचो. "जमंना, गुरुजी," ते आभाळाकडे बघत म्हणायचे. मग मधेच कुठल्याशा खिल्लारी बैलाची गोष्ट निघायची, आईची निघायची, आणि माझ्या टीव्हीवरच्या बातम्या बुडायच्या. गणपती गेले, दसरा गेला. या माणसाचा हात आता कायमचा गेला, असं मी मनाशी धरून चाललो होतो आणि त्या कौलाला रोज शिव्या देत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी बायकोने मला मिरच्या आणायला बाजारात पिटाळलं. पाय बैलबाजाराकडे वळले. एका खिल्लारी जोडीभोवती माणसं जमली होती. मधे टॉवेल, आणि टॉवेलाच्या एका टोकाला आभाळ बघणारे दादाभाऊ. सौदा ठरला, टॉवेल निघाला, आणि दादाभाऊंनी घेणाऱ्याचा पंजा पाचही बोटांनी असा करकचून दाबला की तो "आयो!" म्हणाला.

शेजारच्याला विचारलं, "यांचा हात बरा झाला?"

"कवाच! गणपतीपासनं जोरात हाय गडी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी दादाभाऊ नेहमीसारखे आले. मी टॉवेल टाकला. "धरा चार."

"जमंना, गुरुजी."

"सकाळी बरं जमत होतं!"

आज त्यांनी आभाळाकडे बघितलं नाही. खाली बघत होते. हात मात्र टॉवेलाखालून काढला नाही.

"जगाला सांगता, खोड आधी सांगावी. मग हे काय?"

"ही खोड कुठं हाय, गुरुजी? हात बरा झाला, ह्ये चांगलंच झालं की." मग म्हणाले, "बरा झालो म्हणलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुमी कशाला माझा हात धरला असता? सोमवारी पन्नास माणसं धरत्यात. मंगळवार ते रविवार कुणी न्हाई. आई व्हती तवा उठताना माझा हात धरायची."

साक्षरतेची पाटी, मधमाश्या, मेणबत्त्या, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि मला वाटलं होतं, माणसाला हौस आहे.

"दादाभाऊ," मी म्हणालो, "एक खोड माझीही आहे. आधीच सांगायला हवी होती. मला तुमचे आकडे अजून नीट ओळखता येत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टॉवेलाखाली माझी चारही बोटं धरली, करंगळीसकट, चांगली घट्ट.

"किती?"

"तीन," मी म्हणालो.

"चुकलं!" दादाभाऊ खूश झाले. "गणिताचं मास्तर आन चार कळंना!" त्यांनी टॉवेल नीट सारखा केला. "परत धरा."