भूऱ्याच्या पसंतीचं मशीन

आमचे शेजारी दफेदारकाका कुठलीही वस्तू विकत घेताना तिच्या मागं कधी उभे राहत नसत. शिवणयंत्र असो, सायकल असो, नाहीतर पाण्याचा माठ. ते कडेनं येत, मानेवर हात ठेवत आणि मग पुढून निरखत. संस्थानच्या रिसाल्यात त्यांचा जन्म घोडे निवडण्यात गेला होता आणि लाथ कुठून येईल ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. माठालाही मान असते हे मला त्यांच्यामुळे कळलं.

दुसरा हट्ट चालीचा. "दात खोटं बोलतात, चाल नाही बोलत," असं ते उठता बसता सांगत. दलाल दात घासून म्हाताऱ्या घोड्याला जवान करतात, पण चार पावलं चालवलं की सगळं उघडं पडतं. थोरल्या मुलाची सोयरीक ठरवायला गेले तेव्हा मुलगी बिचारी गाणं म्हणायच्या तयारीनं बसली होती. काकांनी तिच्या वडिलांनाच अंगणात दोन चकरा मारायला लावल्या, आणि घराणं खानदानी आहे असं सांगून पेढा उचलला. सून खरंच चांगली निघाली, त्यामुळे पुढं त्यांना कोणी बोलू शकलं नाही.

पेन्शनीत आल्यावर मुरारच्या छावणीपलीकडं त्यांनी थोडी जमीन केली. गहू, हरभरा आणि कबरा-भूरा ही बैलजोडी. त्या हिवाळ्यात कबरा गेला आणि भूऱ्याचे गुडघे धरले. नांगरटीला शेजाऱ्याची जोडी मिळे, पण मळणीच्या दिवसांत ज्याचे बैल त्याच्याच खळ्यात फिरत असतात. मुलगा म्हणाला, भूऱ्याला गुरांच्या बाजारात काढून नवी जोडी आणू. म्हातारा बैल तिथं कोण घेतो हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून हे त्यानं खाली बघून सांगितलं. काका म्हणाले, मळणीचं जुनं मशीन घेऊ. कापणी संपायच्या आत मशीन दारात आलं नाही, तर भूरा बाजारात जाईल असं अखेर ठरलं.

मशीनवरची इंग्रजी पाटी वाचायला काकांनी मला बरोबर घेतलं. पाहतो तर भूराही दोरीला धरून आणलेला.

"रिसाल्यात नवा घोडा घेताना जुना शेजारी बांधतात, मास्तर," ते म्हणाले. "जुन्यानं कान मागं टाकले, की नवा परत."

पहिलं मशीन एका जहागीरदाराचं. लालभडक रंग, चकचकीत पाटी. मी ती मोठ्यानं वाचत होतो तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि भूऱ्यानं दावं तोडलं. काकांनी कारभाऱ्याला हात जोडून सांगितलं, "मशीन बिलकुल ठीक आहे जी, पण आमच्या घरच्यांना पसंत नाही."

दुसरं शहरातल्या पडाव भागात, एका ठेकेदाराच्या आवारात. ते झपाझप काम करी. भूऱ्यानं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि विषय संपला. तिथले हमाल पोट धरून हसले. इकडं काकांच्या शेतात गव्हाच्या पेंढ्या रचून व्हायला आल्या होत्या. मी चिडलो. ज्या बैलासाठी मशीन शोधताय त्याच्याच पसंतीपायी तो बाजारात जाईल, असं स्पष्ट बोललो.

काकांनी भूऱ्याची मान खाजवली. "हे मशीन उद्या ह्याच्या शेजारी राहणार, भई. जन्मभर ओझं ओढलं ह्यानं. म्हातारपणी दचकायला नको."

शेवटी एका पीठगिरणीच्या परसात एक गंजकं धूड सापडलं. त्याच्या पोटात कोंबड्या अंडी घालत होत्या. इंजिन दमेकऱ्यासारखं, दोन ठोक्यांच्या मध्ये विश्रांती घेणारं. भूऱ्यानं कान टवकारले, जरा ऐकलं आणि डोळे मिटून तो रवंथ करू लागला. काकांनी एक पेंढी आत घालायला लावली, खाली पडलेले दाणे तळहातावर फुंकून पाहिले, मग कडेनं जाऊन मशीनच्या मानेवर हात ठेवला.

"चाल बघितलीत, मास्तर? भल्या घरचं आहे."

मळणीला आसपासचे लोक जमले. मशीन हळू पण इमानानं चाललं. भूरा निंबाखाली मोकळा बसेल असं वाटलं होतं. तो मात्र दोरीला हिसके देत खळ्याकडं ओढू लागला. खळ्यातली मेढ, म्हणजे ज्या खांबाभोवती बैल फिरतात तो, काकांनी उपटू दिलेली नव्हती. त्यांनी दावं सोडलं आणि भूऱ्याला तिथं नेलं. रिकाम्या खळ्यात तो लंगडत फेरे घालू लागला.

मुलगा म्हणाला, "बाबा, पायाखाली काडीसुद्धा नाही. कशाला त्रास त्याला?"

"फिरू दे त्याला हवं तेवढं," काका म्हणाले. "मला पेन्शनीत काढलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीनं तबेल्यात गेलो होतो मी. पहाऱ्यावरच्या शिपायानं दारातूनच परत पाठवलं."

मुलानं मशीनमध्ये पुढची पेंढी सरकवली. खळ्यात भूरा फिरत होता, आणि कशाच्याही मागं कधी उभे न राहणारे दफेदारकाका त्याच्या पाठीवर हात ठेवून अगदी मागून चालत होते.